बोलता येईल इतक्याच वेगाने

१९६२ सालच्या अखेरीस बिल बॉवरमन न्यूझीलंडमध्ये उतरला, तेव्हा अमेरिकेतल्या नामांकित धावप्रशिक्षकांत त्याची गणना होत होती. ओरेगन विद्यापीठातल्या त्याच्या चार पोरांनी त्याच वर्षी चार मैलांच्या रिलेचा विश्वविक्रम केला होता आणि त्यांनाच घेऊन तो दौऱ्यावर आला होता. ऑकलंडमध्ये त्याचा यजमान होता तिथला धावप्रशिक्षक आर्थर लिडियार्ड. आमची काही मंडळी रविवारी सकाळी टेकडीकडे पळायला जातात, येतोस का, असं लिडियार्डने त्याला विचारलं. बॉवरमन एक्कावन्न वर्षांचा. सारं आयुष्य मैदानावर गेलेलं, त्यामुळे आपली तब्येत ठणठणीत आहे याबद्दल त्याला शंका नव्हती.

मंडळी जमली. पुरुष, बायका, काही मुलं, बरेच वयस्कर. गप्पा मारत मारतच सगळे पळायला लागले. वन ट्री हिलचा चढ लागला तसा बॉवरमनला दम लागला आणि तो मागे पडत गेला. सत्तरी ओलांडलेला एक गृहस्थ त्याच्यासाठी रेंगाळला आणि मग वाटभर त्याच्या सोबतीने राहिला. हा गृहस्थ सारखा बोलत होता. बॉवरमनला हुंकार भरण्यापुरताही श्वास उरला नव्हता. त्या गृहस्थाला तोवर तीनदा हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता.

आज दादरच्या शिवाजी पार्कवर, पुण्यात तळजाईला, कोल्हापुरात रंकाळ्याच्या काठाने पहाटे साडेपाचला पळणाऱ्यांत फक्त हौशी तरुण नसतात. स्टेंट घातलेला बँकेतला अधिकारी असतो, चाळिशीतच शुगर निघालेली शिक्षिका असते, बीपीच्या गोळीवर असलेला दुकानदार असतो. आजारपणानंतर धावायला लागलेल्या या माणसांची वंशावळ शोधत मागे गेलं, तर ती ऑकलंडच्या त्या टेकडीपाशी पोचते. आणि तिथे जी गोष्ट सर्वांत महत्त्वाची मानली जात होती, नेमकी तीच आपल्याकडे येताना वाटेत कुठेतरी सांडली.

झटका येऊन गेलेल्या माणसाने टेकडी चढावी, ही कल्पना त्या काळी किती अघोरी वाटली असेल हे समजायला थोडं मागे जावं लागतं. हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली तरी माणूस जगू शकतो, हे शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१२ मध्ये मांडलं. जगलेल्याने काय करायचं, तर पडून राहायचं. पुढे १९३९ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी मृतांची हृदयं तपासून दाखवलं, की मेलेल्या स्नायूच्या जागी पक्का वण तयार व्हायला साधारण सहा आठवडे लागतात. मग सहा आठवडे अंथरूण हा जवळजवळ धर्मच झाला. नर्सने भरवायचं, कूस बदलायची तीही कुणाच्या मदतीने. घरी आल्यावर जिना बंद, नोकरी बंद, सासरेबुवांना आता काही सांगू नका, त्यांना त्रास होईल. आपल्याकडेही ‘जपा हं आता’ या तीन शब्दांत पन्नाशीच्या आतल्या कित्येक धडधाकट माणसांचं म्हातारपण सुरू झालेलं आहे.

पहिली फट पडली ती खुर्चीने. १९५२ मध्ये बॉस्टनच्या सॅम्युएल लेव्हिन आणि बर्नार्ड लाऊन या डॉक्टरांनी झटक्यानंतर रुग्णांना पलंगावरून उठवून आरामखुर्चीत बसवायला सुरुवात केली. लेव्हिन हे त्या काळचे मोठे हृदयरोगतज्ज्ञ, लाऊन त्यांचे तरुण सहकारी. बाकीचे डॉक्टर हबकले. पण बसवलेले रुग्ण मेले नाहीत. उलट पायात गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा जो धोका पडून राहण्याने वाढत होता, तो कमी झाला. (हे लाऊन पुढे अण्वस्त्रविरोधी डॉक्टरांच्या संघटनेचे सहसंस्थापक झाले आणि त्या संघटनेला १९८५ चं शांततेचं नोबेल मिळालं. खुर्चीचा शोध मात्र फारसा कुणाच्या लक्षात नाही.)

दुसरा धक्का दिला तो राष्ट्राध्यक्षांनी. २४ सप्टेंबर १९५५ रोजी डेन्व्हरमध्ये सुटीवर असलेल्या आयझेनहॉवर यांना झटका आला. पुढच्या सोमवारी न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. उपचाराला बोलावले गेले ते बॉस्टनचे पॉल डडली व्हाइट. सहा आठवड्यांच्या वणाचा तो अभ्यास करणाऱ्यांत हेच होते. पण आता सत्तरीकडे झुकलेले व्हाइट स्वतः सायकलवरून फिरत आणि लोकांनाही चाला म्हणून सांगत. आयझेनहॉवर सुमारे सात आठवड्यांनी इस्पितळातून बाहेर आले, पुन्हा गोल्फ खेळू लागले आणि पुढच्याच वर्षी निवडणूक जिंकले. झटक्यानंतर माणूस देश चालवू शकतो, तर जिना का चढू शकत नाही, हा प्रश्न आता कुणीही विचारू शकत होतं.

त्याचं उत्तर खरं तर लंडनच्या बसमध्ये सापडलेलं होतं.

जेरी मॉरिस हे ग्लासगोत वाढलेले डॉक्टर. युद्धानंतर हृदयविकाराचं प्रमाण एवढं का वाढतंय याचा शोध घेताना त्यांनी लंडनच्या बसकर्मचाऱ्यांची नोंदवही उघडली. एकाच बसमध्ये दोन माणसं, पगार साधारण सारखा, वस्ती सारखी, खाणंपिणं सारखं. फरक एवढाच, की ड्रायव्हर पाळीचा बहुतेक वेळ बसून आणि कंडक्टर दुमजली बसच्या जिन्यावर. कंडक्टर दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढत होता. सुमारे एकतीस हजार माणसांची माहिती तपासून मॉरिस यांनी १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, की कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, झाला तर उशिरा होतो आणि त्यातून ते जास्त वाचतात. पोस्टमन आणि टपाल कचेरीतले कारकून यांच्यातही तोच फरक दिसला.

शंका घेणारे होतेच. ड्रायव्हरच्या कामाला आधीपासून जाड माणसं जात असतील, तर? मॉरिस यांनी गणवेशाच्या पँटींची मापं मिळवली. ड्रायव्हरांचा कमरेचा घेर खरोखरच जास्त होता. म्हणजे शंकेत तथ्य होतं. पण सडपातळ ड्रायव्हर आणि सडपातळ कंडक्टर यांची तुलना केली तरी कंडक्टर पुढेच राहिला. शिंप्याच्या वहीतून हृदयविकाराचा अभ्यास करणारा हा माणूस स्वतः नियमित पळायचा, आणि २००९ मध्ये वारला तेव्हा नव्व्याण्णव वर्षांचा होता.

एसटीच्या कंडक्टरला दुमजली जिना नाही, पण भरलेल्या लाल डब्यात तिकिटं फाडत मागून पुढे जाणं म्हणजे काय ते ज्याने पाहिलंय, त्याला मॉरिस यांचा निष्कर्ष पटायला आकडेवारी लागणार नाही.

पडून राहण्याची किंमत किती असते याचा सर्वांत बोलका प्रयोग १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलसला झाला. वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे पलंगावर ठेवलं. उठले तेव्हा शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता चतुर्थांशाहून अधिक घसरलेली होती. नंतरच्या व्यायामाने ती भरून निघाली. खरी गंमत तीस वर्षांनंतर झाली. तेच पाच जण पन्नाशीत पुन्हा तपासले गेले. वजनं वाढली होती, पोटं सुटली होती. तरीही तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांची क्षमता जेवढी कमी केली नव्हती, त्याहून जास्त ती तेव्हाच्या तीन आठवड्यांनी केली होती. मग त्यांना सहा महिने बेताबेताने चालायला, पळायला, सायकल चालवायला लावलं आणि ते तीस वर्षांपूर्वीच्या आपल्या मूळ पातळीच्या जवळ आले. पाचच माणसं, त्यामुळे सांख्यिकीवाले नाक मुरडतील. पण हृदयरोगाच्या वॉर्डांतून अंथरूण हद्दपार करण्यात या पाच जणांचा वाटा मोठा आहे.

लिडियार्डला यातलं काही शिकायला विद्यापीठ मिळालं नव्हतं. तो बुटांच्या कारखान्यात काम करायचा. तरुणपणी रग्बी खेळलेला, त्यामुळे स्वतःला तंदुरुस्त समजणारा. सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या वर्षी एका वयाने मोठ्या मित्राबरोबर तो पाच मैल पळायला गेला आणि त्याचा जीव घाबराघुबरा झाला. आत्ताच ही गत, तर सत्तेचाळिसाव्या वर्षी काय, या विचाराने तो स्वतःवरच प्रयोग करायला लागला. कधी आठवड्याला अगदी थोडं पळून पाहिलं, कधी अडीचशे मैलांपर्यंत. कुठे शरीर मोडतं, कुठे सुधारतं, याची नोंद तो ठेवत गेला. वर्षानुवर्षांच्या या खटाटोपातून त्याच्या हाती लागलं ते अगदी साधं होतं. आधी पुष्कळ आणि सावकाश पळा. दम न लागता, शेजाऱ्याशी बोलता येईल अशा वेगाने. वेगाची तयारी त्यानंतर, थोडी आणि शेवटी. ताण नको, सराव हवा, हे त्याचं घोषवाक्य.

शेजारपाजारची पोरं त्याच्या मागे पळायला लागली. त्यातला एक मरे हॅलबर्ग. सतराव्या वर्षी रग्बीच्या सामन्यात त्याच्या खांद्याला एवढी जबर इजा झाली, की डावा हात कायमचा लुळा पडला. कपडे घालण्यापासून तोल सांभाळण्यापर्यंत सगळं त्याला नव्याने शिकावं लागलं. रग्बी संपलं म्हणून धावणं सुरू झालं. लिडियार्डने त्याला ऑकलंडच्या पश्चिमेच्या डोंगरवाटांवर बावीस मैलांच्या रविवारच्या फेऱ्यांना नेलं. २ सप्टेंबर १९६० रोजी रोमला लिडियार्डच्या पीटर स्नेलने ८०० मीटरचं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं, आणि तासाभराच्या आत हॅलबर्गने ५००० मीटरचं. तीन फेऱ्या बाकी असताना त्याने सगळ्यांना मागे टाकलं, लुळा हात अंगाशी धरून एकटाच पळत राहिला आणि रेषा ओलांडून तिथेच आडवा झाला. वेळ १३ मिनिटं ४३.४ सेकंद. तीन वर्षांनी त्याने अपंग मुलांना खेळाकडे वळवणारी संस्था काढली.

मराठी वाचकाला इथे आपला माणूस आठवल्यावाचून राहणार नाही. सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर सैन्यात बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर निकामी झालं. उपचार म्हणून त्यांना पाण्यात उतरवलं गेलं. त्या उपचाराचा शेवट १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये झाला: ५० मीटर फ्रीस्टाइल, ३७.३३ सेकंद, भारताचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं, आणि ‘चंदू चॅम्पियन’ हा सिनेमा आल्यावर २०२४ मध्ये देशाला ते माहीत झाले. ही दिरंगाई आपल्या क्रीडासंस्कृतीला शोभणारीच आहे.

पण हॅलबर्ग काय, पेटकर काय, विजेत्यांच्या गोष्टी सांगायला सोप्या असतात. लिडियार्डचं अधिक मोठं काम पदकं न जिंकणाऱ्यांचं आहे. रोमनंतर तो न्यूझीलंडमध्ये घरोघरी माहीत झाला तेव्हा पोटं सुटलेले व्यावसायिक, निवृत्त अधिकारी, झटका येऊन गेलेले लोक त्याला विचारायला लागले, आम्ही काय करावं? ज्या पद्धतीने ऑलिंपिकवीर घडले तीच पद्धत, फक्त मात्रा कमी, असं त्याचं उत्तर होतं. यातून १९६२ मध्ये ऑकलंडचा जॉगर्स क्लब उभा राहिला. तिथे घड्याळ नव्हतं, पहिला-दुसरा नव्हता. शेजारच्याशी बोलता येत नसेल तर चालायला लाग, एवढाच नियम. बॉवरमनला ज्यांनी मागे टाकलं ते हेच लोक.

बॉवरमन काही आठवडे तिथे राहिला, रोज पळायला लागला आणि कमरेचा घेर बराच उतरवून घरी परतला. युजीन या आपल्या गावी त्याने लोकांना मैदानावर बोलावलं. रविवारमागून रविवार गर्दी एवढी वाढत गेली, की यातलं कुणी मरून पडेल या धास्तीने त्याने ते थांबवलं आणि वॉल्डो हॅरिस या हृदयरोगतज्ज्ञाला गाठलं. दोघांनी मिळून लहान लहान गटांवर वेळापत्रक बसवलं: पन्नास-शंभर पावलं पळायची, तेवढीच चालायची. १९६७ मध्ये त्यांचं ‘जॉगिंग’ हे छोटेखानी पुस्तक आलं आणि त्याच्या लाखो प्रती खपल्या. बॉवरमन आज लोकांना ठाऊक आहे तो नायकी कंपनीचा एक संस्थापक म्हणून. बूट विकणारा म्हणून नव्हे, तर धास्ती वाटल्यावर गर्दी घरी पाठवून डॉक्टर शोधणारा म्हणून तो लक्षात राहायला हवा.

याच सुमारास टोरांटोमध्ये डॉ. टेरेन्स कॅव्हना आपल्या हृदयरुग्णांना व्यवस्थित मोजूनमापून पळवू लागले. आधी चालणं, मग चालणं-पळणं, मग आठवड्यातून पाच दिवस सलग काही मैल. त्यातल्या काहींनी मॅरेथॉनचा हट्ट धरला. १९७३ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये कॅव्हना यांच्या सात रुग्णांनी ४२ किलोमीटरची शर्यत पूर्ण केली. प्रत्येकाला त्याआधी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला. जगभर बातम्या झाल्या. १९८५ मध्ये तर हृदयाचं प्रत्यारोपण झालेला त्यांचा एक रुग्ण बॉस्टनला शेवटपर्यंत पळाला.

इथून गाडी घसरली.

मॅरेथॉन पळणाऱ्याच्या रक्तवाहिन्यांत चरबी साठतच नाही, असा दावा एका अमेरिकी डॉक्टरने सत्तरच्या दशकात केला आणि धावण्याच्या लाटेवर स्वार झालेल्या लोकांना तो गोड वाटला. दक्षिण आफ्रिकेच्या टिम नोक्स यांनी १९७९ मध्ये मॅरेथॉन धावपटूंच्या शवविच्छेदनाचे अहवालच छापून तो खोडून काढला. नोक्स काही घरबसे नव्हते, डर्बन ते पीटरमारित्झबर्गची सुमारे नव्वद किलोमीटरची कॉम्रेड्स शर्यत पळणारे होते. (याच कॉम्रेड्सला दर वर्षी महाराष्ट्रातूनही मोठी पलटण जाते.) तरी दावा लोकांच्या डोक्यातून गेला नाही. तो घालवला जिम फिक्सने, पण फार मोठी किंमत देऊन.

फिक्सच्या वडिलांना पस्तिसाव्या वर्षी झटका आला आणि त्रेचाळिसाव्या वर्षी ते गेले. स्वतः फिक्स पस्तिशीत लठ्ठ होता, दिवसाला दोन पाकिटं सिगारेट ओढायचा. १९६७ मध्ये तो धावायला लागला, सिगारेट सुटली, वजन उतरलं आणि दहा वर्षांनी त्याचं धावण्यावरचं पुस्तक दहा लाखांहून अधिक खपलं. २० जुलै १९८४ रोजी व्हरमाँटमध्ये रोजच्यासारखा पळताना तो रस्त्यात कोसळला. वय बावन्न. शवविच्छेदनात एक रक्तवाहिनी ९५ टक्के, दुसरी ८५ आणि तिसरी ७० टक्के बंद निघाली. डॅलसच्या डॉ. केनेथ कूपर यांच्या दवाखान्यात काही महिन्यांपूर्वी त्याला ट्रेडमिलवरची तपासणी करून घ्यायला सुचवलं होतं. त्याने ती केली नाही.

धावण्याचे टीकाकार खूश झाले. पण नीट पाहिलं तर फिक्स वडिलांपेक्षा नऊ वर्षं जास्त जगला, आणि बहुधा धावल्यामुळेच. त्याची चूक धावण्याची नव्हती. धावणाऱ्याला तपासणीची गरज नाही, असं मानण्याची होती.

ही चूक आपल्याला परवडणारी नाही, कारण आपल्या वाट्याला आजार लवकर येतो. बावन्न देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी त्रेपन्नाव्या वर्षी आला, इतर देशांत जवळजवळ एकोणसाठाव्या. कारण रक्तात काही वेगळं विष आहे असं नव्हे. सिगारेट, बीपी, शुगर, पोटावरची चरबी, कोलेस्टेरॉल हीच नेहमीची कारणं इथे लवकर गोळा होतात. त्याच अभ्यासात मध्यम किंवा जोरदार व्यायाम करणारे निरोगी लोक इतरत्र २१.६ टक्के होते, आपल्याकडे ६.१ टक्के. हा आकडा दोन दशकांपूर्वीचा. तेव्हा मुंबई मॅरेथॉन नुकतीच, २००४ मध्ये, सुरू झाली होती.

त्यानंतर चित्र पालटलं हे खरं. साताऱ्यात यवतेश्वरचा घाट चढून उतरायच्या हाफ मॅरेथॉनला हजारोंनी लोक येतात. जिल्ह्याजिल्ह्यांत रनिंग ग्रुप झालेत, रविवारचा ‘लाँग रन’ आणि नंतरची मिसळ हा सण झालाय. पंचेचाळिशीच्या बाईला नवऱ्याशिवाय, मुलांशिवाय, फक्त स्वतःसाठी घराबाहेर पडायला पहाटेचे दोन तास या चळवळीने मिळवून दिले, ही लहान गोष्ट नाही. शुगरवाल्याला तर याचा रोकडा फायदा. चालता-पळताना स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ओढून घेतात आणि नंतर कित्येक तास इन्सुलिनला चांगला प्रतिसाद देतात.

पण याच ग्रुपांत वर्षभरापूर्वी वरंडा ओलांडताना धापणारा माणूस जानेवारीच्या ‘फुल’ मॅरेथॉनला नाव नोंदवून बसतो. व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांचं टायमिंग पडतं, त्यामुळे सावकाश पळणं ही फजिती ठरते. ऑकलंडमधून बूट आले, वेळापत्रक आलं, मेडल आलं. गप्पा मारत पळायचा नियम तेवढा आला नाही.

घाईची किंमत आकड्यांत मांडलेली आहे. १९९३ च्या एका अमेरिकी अभ्यासात झटका आलेल्या बाराशेहून अधिक रुग्णांना आधीच्या तासात काय केलं ते विचारलं. एरवी आठवड्यातून एकदाही अंग न हलवणाऱ्याने एकदम जोर लावला, तर त्यानंतरच्या तासाभरात झटक्याचा धोका १०७ पट. आठवड्यातून पाच किंवा अधिक दिवस व्यायाम करणाऱ्याला त्याच जोरानंतर २.४ पट. म्हणजे धोका व्यायामात नाही, सवयीशिवायच्या जोरात आहे. शर्यतींचं पाहिलं, तर अमेरिकेत २००० ते २०१० या काळात हाफ आणि फुल मॅरेथॉन पळलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख लोकांत हृदय बंद पडण्याच्या ५९ घटना झाल्या. फारच कमी. पण त्यातले बहुसंख्य पुरुष होते, सरासरी वय बेचाळीस, आणि फुलमध्ये हे प्रमाण हाफपेक्षा जवळजवळ चौपट.

आणि सावकाश पळणाऱ्याचं काही बुडतं का? डॉ. कूपर यांच्याच दवाखान्यातल्या पंचावन्न हजारांवर लोकांच्या नोंदी २०१४ मध्ये तपासल्या गेल्या. रोज पाच-दहा मिनिटं, तेही ताशी दहा किलोमीटरहून कमी वेगाने पळणाऱ्यांतही हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण न पळणाऱ्यांपेक्षा ठळकपणे कमी होतं. जास्त पळणाऱ्यांना त्या प्रमाणात जास्त काही मिळालेलं दिसलं नाही. मेडल हवं असेल तर अवश्य मिळवावं, पण ते औषधाचा भाग नाही.

आजारपणानंतर सुरुवात करणाऱ्याला काही गोष्टी कुणीतरी स्पष्ट सांगायला हव्यात. पहिली म्हणजे मनगटावरच्या घड्याळाची. झटक्यानंतर बहुतेकांना बीटा-ब्लॉकर गटातली गोळी असते आणि ती नाडीचा वेग दाबून ठेवते. घड्याळातले ‘झोन’ अशा माणसासाठी बनवलेलेच नाहीत; तिथे लिडियार्डची बोलण्याची कसोटी जास्त खरी. दुसरं, हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सुधारतात, पण कंडरा आणि हाडं यांना महिने लागतात. दम लागत नाही म्हणून अंतर वाढवलं की नडगी आणि गुडघा बोलायला लागतात. तिसरं, शुगरची काही औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल तर पळताना साखर एकदम खाली येऊ शकते, त्यामुळे खिशात गोड काहीतरी असावं आणि पायाला झालेला साधा फोडही रोज बघावा. आणि छातीत दाटणं, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, नेहमीच्या चढावर अचानक जास्त दम, यातलं काही झालं तर ‘अ‍ॅसिडिटी असेल’ म्हणून पुढचा किलोमीटर पळू नये. ज्यांच्या घरात कमी वयात कुणी हृदयविकाराने गेलंय, त्यांनी बूट घेण्याआधी डॉक्टरांकडे जावं.

मराठीत हा विषय सर्वांत प्रामाणिकपणे मांडला तो गडचिरोलीच्या डॉ. अभय बंग यांनी. चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांना झटका आला. ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकात त्यांनी आहार, व्यायाम, योग, मन यांची नव्याने केलेली मांडणी हजारो मराठी घरांत पोचली. त्या पुस्तकाने किती लोकांना चालायला लावलं असेल याची मोजदाद शक्य नाही. मॅरेथॉनशिवाय ते काम झालं, हे विशेष.

तरी एका माणसाच्या पुस्तकावर व्यवस्था चालत नाही. झटक्यानंतर देखरेखीखालचा व्यायाम किती उपयोगी पडतो यावर जगभरातल्या ८५ चाचण्यांचा एकत्र अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे तेवीस हजार रुग्ण. हृदयविकाराने होणारे मृत्यू साधारण चतुर्थांशाने कमी झाले, पुन्हा भरती होण्याचं प्रमाणही घटलं. एखाद्या गोळीने हे केलं असतं तर ती प्रत्येक प्रिस्क्रिप्शनवर असती. आपल्याकडे अँजिओप्लास्टी तालुक्याच्या गावाजवळ येऊन ठेपली आहे, पण रुग्ण घरी निघतो तेव्हा व्यायामाबद्दल त्याच्या हाती येतं ते ‘थोडं थोडं चाला’ एवढंच. थोडं म्हणजे किती, कधीपासून, कोणत्या वेगाने, चढ कधी, पळायचं का, हे विचारायला त्याला परत यायची हिंमत होत नाही आणि डॉक्टरांना वेळ नसतो.

म्हणून ही विनंती हृदयरोगतज्ज्ञांना आणि इस्पितळांना आहे. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या यादीखाली बारा आठवड्यांचं चालण्याचं वेळापत्रक मराठीत छापा. पहिल्या आठवड्यात किती मिनिटं, टीएमटी म्हणजे ट्रेडमिलवरची तपासणी कधी, कोणत्या लक्षणाला थांबायचं, हे त्यात लिहा, आणि फोन करायला एक नंबर द्या. गावातल्या रनिंग ग्रुपांनीही एक करावं: रविवारच्या रनमध्ये सर्वांत मागे एक अनुभवी माणूस ठेवावा, ज्याचं काम फक्त मागच्यांशी बोलत राहायचं. जो उत्तर देऊ शकत नाही, त्याला त्याने चालायला लावावं.